सायबर सुरक्षा आणि डिजिटल तपास शिकताना: घरची लॅब, पहिली इमेज आणि जर्नल

आपल्याकडच्या कॉलेजांत प्रॅक्टिकलचं जर्नल म्हणजे सत्राच्या शेवटच्या आठवड्यात सीनिअरच्या वहीतून उतरवून काढायची गोष्ट. बाकीच्या विषयांत ते खपून जातं. डिजिटल तपासात मात्र जर्नल हाच विषय आहे. कोणतं साधन किती वाजता जोडलं, सॉफ्टवेअरची कितवी आवृत्ती वापरली, हॅश (डेटावरून गणितानं काढलेला ठसा) काय आला, मध्येच काय अडलं, हे तिथल्या तिथे लिहिलेलं नसेल तर सापडलेल्या पुराव्याला कोणी विचारत नाही. म्हणून इथे पन्नास टूल्सची यादी दिलेली नाही. अभ्यासक्रम कसा पारखायचा ते थोडक्यात, मग घरची लॅब, आणि मग एकच प्रॅक्टिकल पार शेवटपर्यंत: पुसलेल्या फायली असलेल्या पेन ड्राइव्हची इमेज, म्हणजे बाइट-न्-बाइट प्रत, घेऊन ती तपासणं.

प्रवेशाआधी सिलॅबस उघडा

रस्ते बरेच आहेत. एमएचटी-सीईटी देऊन इंजिनीअरिंगची सायबर सिक्युरिटी शाखा, बीएस्सी आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्स, बीएस्सी फॉरेन्सिक सायन्स, आणि पदवीनंतर सी-कॅट परीक्षेतून सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचा नेटवर्क व सुरक्षेचा पीजी डिप्लोमा. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय गांधीनगरला आहे आणि एक कॅम्पस गोव्यातही आहे. यातली कुठलीही पदवी वाईट नाही, पण नावावरून आत काय आहे ते कळत नाही. बीएस्सी फॉरेन्सिकमध्ये रक्त, विष, बोटांचे ठसे, हस्ताक्षर यांचाच मोठा वाटा असतो आणि संगणक एखाद-दोन पेपरपुरता येतो. उलट इंजिनीअरिंगमध्ये संगणक भरपूर, पण पंचनामा कशाशी खातात ते कोणी सांगत नाही.

सिलॅबसमध्ये चार गोष्टी शोधा: ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग, सी भाषा आणि सायबर कायदा. यातली जी नसेल ती स्वतः भरून काढायची आहे, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. लॅब बघायला मिळाली तर एकच प्रश्न विचारा: ‘राइट ब्लॉकर आहे का, आणि विद्यार्थ्यांच्या हातात मिळतो का?’ राइट ब्लॉकर म्हणजे तपासायच्या ड्राइव्हवर काहीही लिहू न देणारं साधन. कपाटात कुलूपबंद असलेला राइट ब्लॉकर नसल्यासारखाच.

पहिल्या दोन सत्रांत हॅकिंगच्या मागे धावू नका. त्याऐवजी सोळाच्या पायावरचे अंक पाढ्यांसारखे पाठ करा. एफएफ म्हणजे २५५ आणि २०० म्हणजे ५१२, हे कागद न घेता सांगता आलं पाहिजे, कारण पुढची तीन वर्षं हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फायलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जाणार आहेत. लिनक्सच्या कमांड लाइनची सवय लागण्यासाठी ओव्हरदवायर या संकेतस्थळावरचा ‘बँडिट’ नावाचा खेळ फुकट आहे. रोज दोन पायऱ्या केल्या तरी पुरे.

घरची लॅब

१६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला लॅपटॉप पुरतो. ८ जीबीवर काम होतं, पण एका वेळी एकच आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा संगणक, चालेल. सोबत १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क हवी, कारण इमेजेस जागा खातात. शिवाय ४ किंवा ८ जीबीचे दोन जुने पेन ड्राइव्ह. ६४ जीबीचा नवा घेऊ नका. प्रत्येक प्रयोगाला तासभर मोडेल आणि शिकायला काहीच जास्त मिळणार नाही.

आभासी यंत्रं चालवणारा व्हर्च्युअलबॉक्स बसवा आणि त्यात तीन यंत्रं उभी करा. काली लिनक्सला (सुरक्षा तपासणीची टूल्स आधीच असलेलं लिनक्स) २ कोअर, ४ जीबी रॅम आणि ४० जीबी डिस्क. विंडोजची ९० दिवसांची इव्हॅल्युएशन आवृत्ती, तिलाही ४ जीबी. तिसरं मेटास्प्लॉइटेबल २. हे मुद्दाम भोकं ठेवलेलं जुनं लिनक्स आहे आणि त्याला ५१२ एमबी रॅमही चालते. ते तयार डिस्क फाइलच्या रूपात येतं. नवं यंत्र बनवताना ‘आधीची डिस्क वापरा’ हा पर्याय निवडून ती फाइल दाखवायची. लॉगिन आणि पासवर्ड दोन्ही ‘एमएसएफअ‍ॅडमिन’.

इथे नेहमी दोन ठिकाणी अडतं. यंत्र सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. इंटेलवर ते व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एसव्हीएम या नावानं सापडेल. यंत्र सुरू होतं पण गोगलगायीच्या गतीनं चालतं, आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं, तर विंडोजच्या हायपर-व्ही या स्वतःच्या आभासी-यंत्र सुविधेनं प्रोसेसर आपल्या ताब्यात घेतला आहे. विंडोजच्या सुविधांमधून हायपर-व्ही काढा आणि ‘कोअर आयसोलेशन’मधली मेमरी इंटिग्रिटी बंद करा. शेवटच्या बदलानं मूळ लॅपटॉपची एक सुरक्षा कमी होते. ज्या लॅपटॉपवर घरचं बँकिंग चालतं त्यावर हे करण्यापेक्षा कासव सोसलेलं बरं.

मेटास्प्लॉइटेबलचं नेटवर्क कायम ‘होस्ट-ओन्ली’, म्हणजे फक्त तुमच्या लॅपटॉपपुरतं, ठेवा. ‘ब्रिज्ड’ ठेवलंत तर ते हॉस्टेलच्या वायफायवर सगळ्यांना दिसेल, आणि त्यातली भोकं जगजाहीर आहेत. होस्ट-ओन्लीमध्ये पत्ता साधारणपणे १९२.१६८.५६ नं सुरू होतो. तसा नसेल तर आधी सेटिंग बघा, मग पुढे जा. तिन्ही यंत्रं नीट उभी राहिली की लगेच प्रत्येकाचा स्नॅपशॉट, म्हणजे नंतर परतता येईल अशी त्या क्षणाची नोंद, घ्या.

आणि कुंपण कुठे आहे तेही आत्ताच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिक हेतूनं केलं की कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कॉलेजचं वायफाय स्कॅन करून बघितलं, मित्राच्या फोनची ‘टेस्ट’ घेतली, हे सगळं परवानगीशिवायच झालं. ‘सर म्हणाले होते’ याला अर्थ नाही, परवानगी लेखी हवी. कोणतं यंत्र, कोणत्या तारखा, काय करायचं आणि काय नाही, आणि खाली सही.

प्रॅक्टिकल: पुसलेल्या फायलींचा पेन ड्राइव्ह

*तयारी.* ८ जीबीचा पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये एफएटी३२ म्हणून फॉरमॅट करा, पण ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून. तेव्हाच विंडोज सगळ्या जागेवर शून्यं लिहितं. जुन्या पेन ड्राइव्हला यात १५ ते २५ मिनिटं सहज जातात. ही पायरी गाळलीत तर आधीच्या मालकाचे लग्नाचे फोटो तुमच्या निकालात येऊन बसतील, आणि तुम्ही ठेवलेलं कोणतं नि जुनं कोणतं हे ओळखता येणार नाही.

मग त्यावर दहा फायली टाका: फोनच्या कॅमेऱ्यातून थेट घेतलेले ५ फोटो, २ वर्ड, १ पीडीएफ, १ झिप आणि १ साधी टेक्स्ट. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले नकोत, कारण तिथून जाताना फोटोतली ठिकाण आणि कॅमेऱ्याची माहिती गळून पडते. एका फोटोचं एक्स्टेन्शन बदलून टेक्स्टचं करा. एका फायलीला मराठी नाव द्या. प्रत्येक फायलीचं नाव, आकार, वेळ आणि एसएचए-२५६ हॅश जर्नलमध्ये लिहा. ही तुमची उत्तरपत्रिका. शेवटी तपासाचा निकाल याच यादीशी ताडून बघायचा आहे. आता एक फोटो, एक वर्ड आणि ती टेक्स्ट अशा तीन फायली डिलीट करा. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, ते थेट उडतं. ‘सेफली रिमूव्ह’ करून ड्राइव्ह काढा.

*जप्ती.* आता तो पेन ड्राइव्ह तुमचा नाही, पुरावा आहे, असं समजा. कंपनी, रंग, क्षमता, वर छापलेला क्रमांक, ओरखडे, सगळं लिहा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाकिटात घालून सील करा आणि सही अशी करा की ती पाकीट आणि चिकटपट्टी दोन्हींवर येईल. हस्तांतराचा तक्ता आखा: कोणी दिलं, कोणी घेतलं, तारीख, वेळ, कारण, सही. मित्राला पंच म्हणून उभं करा. हा खेळ पोरकट वाटतो, पण खऱ्या खटल्यांत बचावपक्षाचा वकील पहिलं बोट इथेच ठेवतो.

*लिहिण्याला कुलूप.* पेन ड्राइव्ह नुसता जोडला तरी विंडोज त्यावर काहीबाही लिहितं. ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचा लपलेला फोल्डर तिथूनच येतो. म्हणून राइट ब्लॉकर. हार्डवेअरचा नसेल तर घरी दोन उपाय आहेत.

पहिला विंडोजच्या रजिस्ट्रीतला. सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल या वाटेनं जाऊन ‘स्टोरेजडिव्हाइसपॉलिसीज’ ही की बनवा. तिच्यात ‘राइटप्रोटेक्ट’ नावाचं ३२ बिटांचं डीवर्ड तयार करून त्यात १ भरा, आणि पेन ड्राइव्ह त्यानंतरच जोडा. आधी दुसऱ्या, बिनकामाच्या पेन ड्राइव्हवर फाइल टाकून बघा. विंडोजनं नकार दिला पाहिजे, आणि त्या नकाराचा स्क्रीनशॉट जर्नलमध्ये गेला पाहिजे. एक गंमत इथे सगळ्यांना चकवते: हे कुलूप यूएसबीवरच्या सगळ्या साठवणीला लागतं. त्यामुळे इमेज यूएसबीच्या बाहेरच्या डिस्कवर ठेवायला गेलात तर तीही अडेल. इमेज आतल्या डिस्कवर घ्या, काम झाल्यावर १ चा ० करा, मग बाहेर हलवा.

दुसरा उपाय कालीच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून ‘फॉरेन्सिक मोड’मध्ये सुरू करण्याचा. त्यात जोडलेल्या डिस्क आपोआप माउंट होत (वापरासाठी उघडत) नाहीत. मग गायमेजर या प्रोग्रॅमनं इमेज घ्यायची. विंडोजच्या रजिस्ट्रीशी खेळण्यापेक्षा हा रस्ता अधिक भरवशाचा.

*इमेज.* एफटीके इमेजर मोफत मिळतो. ‘क्रिएट डिस्क इमेज’ उघडा आणि ‘फिजिकल ड्राइव्ह’ निवडा. ‘लॉजिकल’ निवडलंत तर फक्त पार्टिशन येईल, त्याच्या बाहेरची जागा येणार नाही. प्रकार ई०१ निवडा. त्यात केस क्रमांक, पुरावा क्रमांक आणि तपासणाऱ्याचं नाव भरता येतं, डेटा दाबून बसवला जातो आणि हॅशही आतच राहतो. ‘व्हेरिफाय’ची खूण ठेवा. यूएसबी २ च्या पेन ड्राइव्हवरून ८ जीबी वाचायला साधारण ६ ते ८ मिनिटं लागतात, आणि पडताळणी वेगळी. आकार ७.४५ जीबी दिसला म्हणून घाबरू नका. कंपनी ८०० कोटी बाइट्सना ८ जीबी म्हणते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं.

शेवटी एमडी५ आणि एसएचए-१ असे दोन हॅश मिळतील. एमडी५ ३२ अक्षरांचा, एसएचए-१ ४० चा. दोन वेगवेगळ्या फायलींचा एमडी५ मुद्दाम सारखा आणता येतो हे २००४ मध्येच दाखवलं गेलं, आणि एसएचए-१ चं तेच २०१७ मध्ये झालं. म्हणून ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ ही सोबत नोंदवा. कालीवर इमेज घेत असाल तर गायमेजर तो स्वतःच काढून देतो.

हॅशच्या बाबतीत नेहमीची चूक ही: विद्यार्थी ई०१ फायलीवर राइट-क्लिक करून तिचाच हॅश काढतात, तो पेन ड्राइव्हच्या हॅशशी जुळत नाही, आणि मग सगळी इमेज पुन्हा घेतात. तो जुळणारच नाही. ई०१ हे दाबून बांधलेलं गाठोडं आहे आणि त्याला वरून केसच्या माहितीचं लेबल लावलेलं आहे. जुळायला हवा तो गाठोड्यातल्या डेटाचा हॅश, आणि तो ‘व्हेरिफाय’मध्ये दिसतो.

हॅश किती चोख असतो ते डोळ्यांनी बघायचं असेल तर कुलूप काढून त्याच पेन ड्राइव्हवर एक ओळीची टेक्स्ट फाइल टाका आणि लगेच पुसा. एक्सप्लोररमध्ये यादी पूर्वीसारखीच दिसेल. पुन्हा हॅश काढा, पूर्ण वेगळा येईल. हा प्रयोग मूळ इमेज सुरक्षित झाल्यावरच करायचा, हे सांगायला नकोच. तरी सांगितलेलं बरं.

*तपास.* ऑटोप्सीमध्ये नवी केस बनवा. ‘डेटा सोर्स’ म्हणून ई०१ द्या आणि टाइम झोन आशिया/कोलकाता निवडा. पहिल्या वेळी सगळे मॉड्यूल चालू करू नका, लॅपटॉप तासभर गरगरत बसेल. फाइल टाइप, एक्स्टेन्शन मिसमॅच, पिक्चर अ‍ॅनालायझर, कीवर्ड सर्च आणि फोटोरेक कार्व्हर एवढे बास.

पुसलेल्या फायली लाल फुलीसह दिसतील. का दिसतात, ते हेक्समध्ये बघा. एफएटीमध्ये प्रत्येक फायलीची डिरेक्टरीत ३२ बाइटची नोंद असते. फाइल पुसली की त्या नोंदीचा पहिला बाइट ई५ होतो आणि क्लस्टरची (फाइल ठेवलेल्या जागेच्या ठोकळ्यांची) साखळी शून्य होते. बाकी मजकूर जागच्या जागी. पुस्तक रॅकवरच आहे, फक्त सूचीतल्या ओळीवर काट मारली आहे. नावाचं पहिलं अक्षर त्या ई५ नं खाल्लेलं असतं, म्हणून काही ठिकाणी त्या जागी अधोरेघ दिसते. लांब नावाच्या नोंदी वेगळ्या असतात, तिथून पूर्ण नाव परत मिळू शकतं. साखळी गेली असल्यामुळे टूल असं धरून चालतं की फाइल सलग जागेत होती. फाइल तुकड्यांत असेल तर परत मिळालेला फोटो अर्ध्यावर करडा होतो, आणि त्यात टूलचा दोष नसतो.

एक्स्टेन्शन बदललेला फोटो ‘मिसमॅच’मध्ये सापडेल. जेपीईजी नेहमी एफएफ डी८ एफएफ नं सुरू होतो, पीडीएफ २५ ५० ४४ ४६ नं, झिप ५० ४बी ०३ ०४ नं. वर्डची फाइलही ५० ४बी नंच सुरू होईल, कारण नव्या वर्डची फाइल मुळात झिपच असते.

वेळा वाचताना सावकाश. फाइल तयार झाल्याची वेळ तिच्या शेवटच्या बदलाच्या नंतरची दिसली तर ती खोटी नव्हे. बहुतेकदा फाइल दुसरीकडून कॉपी केलेली आहे. एफएटी स्थानिक वेळ ठेवतं, एनटीएफएस ही विंडोजच्या डिस्कवरची पद्धत यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवते. एफएटीमध्ये बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यानं असते, आणि शेवटच्या वापराची तर नुसती तारीख. फोटोतली कॅमेऱ्याची वेळ आणि जीपीएसची वेळ यांत बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला तर तो गुन्हा नसून भारतीय प्रमाणवेळ आहे. जर्नलमध्ये प्रत्येक वेळेपुढे ती आयएसटी की यूटीसी हे लिहाच.

*मराठी शोधताना.* हा भाग परदेशी व्हिडिओंत मिळणार नाही. ऑटोप्सीत ‘पावती’ शोधलं आणि काही मिळालं नाही, याचा अर्थ पावती नाही असा होत नाही. सरकारी कचेऱ्या, सोसायट्या आणि छापखान्यांतली जुनी मराठी कागदपत्रं श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टांत असतात. त्यांत आतला मजकूर रोमन अक्षरं नि चिन्हांचाच असतो, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी रूप देतो. अशा वेळी तोच शब्द त्या फॉन्टमध्ये टाइप करायचा, फॉन्ट काढल्यावर जी अगम्य अक्षरं दिसतात ती कीवर्ड म्हणून टाकायची. युनिकोडमध्येही फसगत होते. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या दोन पद्धतींनी टाइप होतो: खाली टिंब असलेल्या ऱ पासून, किंवा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. दोन्ही रूपं शोधा.

*दुसरी फेरी.* त्याच पेन ड्राइव्हला आता क्विक फॉरमॅट करा आणि नवी इमेज घ्या. या वेळी डिरेक्टरीच गेलेली असेल, नावं मिळणार नाहीत. फोटोरेक फायलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधून मजकूर उचलतो आणि नाव म्हणून सेक्टरचा क्रमांक देतो. फोटो आणि पीडीएफ छान येतील. साध्या टेक्स्टला सुरुवातीची ठरलेली खूण नसते, त्यामुळे ती बऱ्याचदा निसटते. हाच प्रयोग लॅपटॉपच्या एसएसडीवर करून ‘काहीच सापडत नाही, सॉफ्टवेअर बिघडलं’ असं म्हणू नका. एसएसडीला ट्रिमची, म्हणजे ‘ही जागा आता मोकळी’ अशी, सूचना मिळते, पुसलेले ब्लॉक ती स्वतःच साफ करून टाकते, आणि तिथे कार्व्हिंगच्या (खुणांवरून फायली उचलण्याच्या) हाती धुपाटणं येतं.

पुढचे तीन प्रयोग

अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेनं सरावासाठी तयार इमेजेस खुल्या ठेवल्या आहेत. त्यातल्या ‘हॅकिंग केस’पासून सुरुवात करा. २००४ मध्ये बेवारस सापडलेल्या एका डेल लॅपटॉपची ही गोष्ट, विंडोज एक्सपीवरची, सोबत ३१ प्रश्न. इमेज दोन तुकड्यांत येते. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि नावं बदलू नका, नाहीतर ऑटोप्सीला दुसरा तुकडा सापडत नाही. पहिलाच प्रश्न हॅशचा आहे, आणि घाईघाईत बहुतेक जण तोच सोडतात. उत्तरं इंटरनेटवर सगळीकडे पडलेली आहेत. ती बघायची असतील तर स्वतःचं उत्तर आणि त्याचा पुरावा लिहून झाल्यावर.

दुसरा मेमरीचा. आभासी विंडोजमध्ये नोटपॅड आणि ब्राउझर उघडे ठेवून एफटीके इमेजरनं रॅमची प्रत घ्या. यंत्राला ४ जीबी दिली असेल तर फाइलही साधारण तेवढीच. मग मेमरीची प्रत तपासणारा व्होलाटिलिटी ३ चालवा. पहिल्या वेळी इंटरनेट चालू हवं, कारण विंडोजच्या त्या आवृत्तीची सिम्बॉल फाइल मायक्रोसॉफ्टकडून उतरवावी लागते. ‘पीएसलिस्ट’ आणि ‘पीएसस्कॅन’ दोन्ही चालवून याद्या शेजारी ठेवा. पहिलं विंडोजनं ठेवलेल्या साखळीवरून चालतं, दुसरं सगळी मेमरी चाळतं. दुसऱ्यात आहे पण पहिल्यात नाही अशी प्रोसेस एकतर संपलेली असते, नाहीतर लपवलेली. खऱ्या तपासात क्रम लक्षात ठेवायचा: रॅम आधी, डिस्क नंतर, कारण वीज गेली की रॅम गेली.

तिसरा नेटवर्कचा, आणि अर्ध्या तासाचा. कालीवर नेटवर्कवरची वाहतूक टिपणारा वायरशार्क चालू करून मेटास्प्लॉइटेबलला टेलनेटनं लॉगिन करा. ‘फॉलो टीसीपी स्ट्रीम’मध्ये पासवर्ड उघडा वाचता येतो. मग तेच एसएसएचनं, म्हणजे कूटबद्ध जोडणीनं, करा. नवी काली ‘जुळणारी होस्ट की नाही’ म्हणून जोडणीच नाकारेल, कारण समोरचं यंत्र जुन्या की वापरतं. तेवढ्या एका जोडणीपुरती जुनी आरएसए की चालेल असा पर्याय द्यावा लागतो. हा नकार आणि त्यामागचं कारण जर्नलमध्ये लिहिलं तर त्या प्रॅक्टिकलचं खरं सार आलं.

जर्नल, प्रमाणपत्र आणि तोंडी परीक्षा

वही बांधीव घ्या, पानांवर क्रमांक टाका, पेन निळं किंवा काळं. चुकलं तर एकच आडवी रेघ मारून बाजूला सही. व्हाइटनर नको, पान फाडणं नको. प्रत्येक नोंदीत वेळ, कृती, टूल आणि आवृत्ती, निकाल. ‘इमेज घेतली’ ही नोंद नाही. ‘११.४० आयएसटी, एफटीके इमेजर, फिजिकल ड्राइव्ह, ई०१, पडताळणी जुळली’ ही नोंद. अपयशही लिहा. तिसऱ्या प्रयत्नात इमेज जमली असेल तर आधीचे दोन प्रयत्न दिसले पाहिजेत, कारण त्या वेळीही पेन ड्राइव्ह जोडलेला होता.

कायद्याचा भाग पाठ करण्यापेक्षा भरून बघा. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रमाणपत्रासाठी पूर्वी कलम ६५ब होतं, आता ६३ आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे: भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्यानं भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञानं. त्यात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीनं काढला ते लिहावं लागतं. आपल्या पेन ड्राइव्हसाठी दोन्ही भाग भरा, मित्राला ‘अ’ द्या. जर्नल नीट असेल तर दहा मिनिटांत भरून होतं. नसेल तर तिसऱ्या रकान्यालाच हात थांबतो.

हे प्रमाणपत्र इतकं महत्त्वाचं का, ते जालन्याच्या खटल्यातून समजून घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. उमेदवारी अर्ज वेळेत आले का, हे दाखवणारं निवडणूक कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण त्यात होतं, पण प्रमाणपत्र नव्हतं. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की मूळ साधनच कोर्टात हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्षीनं ते भरून निघत नाही. कलमाचा क्रमांक बदलला तरी वायव्हात हा खटला हमखास विचारतात.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या दोन तरतुदीही माहीत असू द्या: कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण, आणि कलम १७६(३) प्रमाणे ७ वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट.

बाहेरचे परीक्षक साधारण याच पाच-सहा गोष्टी फिरवून विचारतात: फिजिकल इमेज का घेतली, हॅश जुळला नाही तर काय कराल, राइट ब्लॉकर चालू होता याचा पुरावा काय, एसएसडीवर निकाल वेगळा का, ही वेळ कोणत्या टाइम झोनमधली. हॅश न जुळण्याच्या प्रश्नावर ‘पुन्हा इमेज घेईन’ एवढंच उत्तर देऊ नका. आधी कशाचा हॅश कशाशी ताडला ते तपासायचं, मग केबल नि पोर्ट बदलून पुन्हा वाचायचं. तरीही प्रत्येक वेळी वेगळा हॅश येत असेल तर पेन ड्राइव्हची चिप मरायला टेकली आहे. तेव्हा प्रत्येक वाचनाचा हॅश आणि न वाचता आलेले सेक्टर तसेच नोंदवायचे, आणि एक जुळेपर्यंत वाचत राहायचं नाही.